एका पंपाला किती?

तालुक्याच्या गावी माझं फ्लेक्स आणि रबरी शिक्क्यांचं दुकान आहे. नागपुरात कमर्शियल आर्ट शिकून परत आलो आणि वाढदिवसाचे, तेरवीचे, आमदारांच्या स्वागताचे फ्लेक्स करायला लागलो. 2022 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका गावातून महिला बचत गटाची ऑर्डर आली. फवारणी करताना काय काळजी घ्यावी, याचा आठ बाय सहाचा फ्लेक्स हवा होता. जुलैत पावसानं कहर केला होता, उरलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पोळ्याच्या सुमारास दाट वाढली होती आणि आता फवारणीला जोर येणार होता.

या जिल्ह्यात फवारणी म्हटलं की 2017 आठवतं. त्या साली जुलै ते ऑक्टोबरमध्ये फवारताना विष अंगात जाऊन इथं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात पडले. तेव्हापासून दर हंगामात चौकाचौकात सूचनांचे फ्लेक्स लागतात, आणि त्यातले काही मीच केलेले आहेत. म्हणून मला वाटलं, हे तासाभराचं काम.

जुनीच फाइल उघडली. डाव्या हाताला इंटरनेटवरून घेतलेला पांढऱ्या सूटमधला, गॉगल-मास्क लावलेला माणूस, उजव्या हाताला अकरा सूचना. वरचा एक तृतीयांश भाग शुभेच्छुकांच्या फोटोंचा. (हा भाग फ्लेक्सच्या धंद्यात कधीच लहान होत नाही. सूचना वाढल्या की सूचनांचीच अक्षरं लहान होतात.) फ्लेक्स एसटीच्या थांब्याजवळ लागला. तीन आठवड्यांनी दुसऱ्या कामासाठी त्या गावात गेलो, तर तो एका बकऱ्यांच्या कोठ्यावर ताडपत्री म्हणून अंथरलेला. त्यातून पाणी अजिबात गळत नव्हतं.

कोठ्याच्या मालकीणबाईंना विचारलं, की थांब्याजवळ होता तेव्हा वाचला होता का. त्या म्हणाल्या, "वाचाचं काय त्यात? कोरोनावाला माणूस होता ना. कोरोना तं गेला." पांढरा सूट, मास्क, गॉगल. दोन वर्षं टीव्हीवर तोच वेष पाहिल्यावर दुसरा अर्थ लागायला जागाच नव्हती. पुढचे दोन महिने मी त्या गावात जे केलं, त्याची सुरुवात या वाक्यापासून झाली.

बाटलीवरची खूण

आपल्याकडे कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर एक चौकोन असतो, कोनावर उभा केलेला. 1968 चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे 1971 चे नियम यांतून तो आला आहे. आडव्या रेषेनं त्याचे दोन त्रिकोण होतात. खालच्या त्रिकोणात रंग: अति जहाल विषाला लाल, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि सगळ्यात कमी विषारी ते हिरवं. वरच्या त्रिकोणात शब्द, आणि लाल प्रकारात शिवाय कवटी आणि हाडं. वर्गवारी ठरते ती प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरून, वजनाच्या किलोमागे किती मिलिग्रॅम विषानं निम्मे प्राणी मरतात त्यावर. तोंडावाटे 50 मिलिग्रॅमपर्यंत लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. हा चौकोन लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापेल, असंही नियम सांगतो. 100 मिलीच्या बाटलीवर सोळावा हिस्सा म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा.

कागदावर ही कल्पना चांगली आहे. वाचता न येणाऱ्यालाही कळावं, म्हणून रंग आणि चित्र. मी रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, अक्षरांवर कागद चिकटवला, फक्त चौकोन उघडा ठेवला आणि मारोतीच्या पारावर बसलो. येईल त्याला एकच प्रश्न: ही खूण काय सांगते?

लाल त्रिकोणाची बाटली पहिल्यांदा सत्तरी ओलांडलेल्या एका बाबाजींच्या हातात गेली. त्यांनी ती निरखली, बाजूच्या बायकांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे तं कुटुंब नियोजनाचं निशाण होय." पार हसून लोळला. पण बाबाजी चूक नव्हते. टोक खाली केलेला लाल त्रिकोण हे भारताच्या कुटुंब नियोजनाचं चिन्ह साठच्या दशकात आलं आणि दवाखान्याच्या भिंतीपासून निरोधच्या पाकिटापर्यंत सगळीकडे रंगवलं गेलं. औषधाच्या बाटलीवरच्या चौकोनाचा खालचा भाग म्हणजे जवळपास तोच आकार, तोच रंग. त्यांच्या पिढीला हे चिन्ह सरकारनंच शिकवलं होतं.

कवटी सगळ्यांनी ओळखली. "करंट," एक पोरगा म्हणाला, "डीपीवर असते ना." डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर; त्याच्या पाटीवर कवटी आणि व्होल्टचा आकडा असतो. हात लावला की मेला, हे त्याला पक्कं कळत होतं. पण करंट लागतो तो त्याच क्षणी. फवाऱ्याचं विष कातडीतून आणि श्वासातून दिवसभर थोडं थोडं जातं, संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारी येते आणि रात्री उलट्या. हात लावला आणि काही झालं नाही, म्हणजे कवटी खोटी, असा हिशोब त्या पोराच्या डोक्यात होता. खरं सांगायचं तर त्यात तर्काची चूक नव्हती.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते रंगांनी. चार रंगांच्या चार बाटल्या मांडून मी एका शेतकऱ्याला विचारलं, बोंडअळीसाठी कोणती घेशील? औषधाचं नाव झाकलेलंच होतं. त्यानं क्षणभरही न थांबता लाल उचलली. "लाल म्हंजे कडक. हिरवं काहून घेऊ? ते नरम असन." पिवळी कशासाठी, तर "पान पिवळं पडलं त्याच्यासाठी." धोक्याची पायरी दाखवायला निवडलेला रंग इथं ताकदीची पायरी म्हणून वाचला जात होता. आपण सगळे त्या बाटलीतल्या द्रवाला 'औषध' म्हणतो. मीही वर तेच लिहिलं आहे. औषध कडक असलं तर चांगलंच, मग लाल म्हणजे जाहिरातच झाली. हिरव्या त्रिकोणाची काही नवी औषधं अळीवर उत्तम चालतात, हे त्या चौकोनातून कळायला मार्ग नाही, कारण तो माणसाला किती अपाय होईल ते सांगतो, अळीला नाही. आणि हिरवा म्हणजे पिण्याच्या पाण्यासारखं सुरक्षित, हा उलटा गैरसमज बायकांमध्ये सापडला.

वरच्या त्रिकोणातल्या शब्दांबद्दलही एक सांगतो. लाल आणि पिवळ्याला 'विष', निळ्याला 'धोका', हिरव्याला 'सावधान'. 'धोका' आणि 'सावधान' यांत जास्त भयंकर काय, असं मी विचारलं, तर पारावर वाद झाला आणि तो मिटला नाही. मलाही सांगता आलं नसतं.

लेबल कुठं संपतं

इथवर मी चौकोनावरच अडकलो होतो. चित्रकाराला चित्रातलीच चूक दिसते. एका सकाळी फवारणीच्या वावरात गेलो तेव्हा कळलं, की चौकोन सुधारला तरी फार काही होणार नव्हतं.

बाटली कृषी केंद्रातून मालक आणतो. पावतीच्या मागं दुकानदार पेनानं लिहून देतो: "1 झा./पंप". झा. म्हणजे झाकण, आणि पंप म्हणजे पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप. मालक धुऱ्यावर (बांधावर) टिपाडात, म्हणजे मोठ्या ड्रमात, औषध कालवतो, बहुतेक वेळा दोन-तीन प्रकारची एकत्र. फवारणारा रोजदार टिपाडातून बादलीनं पंप भरतो आणि तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, शिरतो. बाटली तोवर थैलीत गेलेली असते. ज्याच्या अंगावर दिवसभर ते विष उडणार, त्याच्या हातात लेबल एकदाही येत नाही. लाल असो की हिरवं, त्याच्यापुरतं ते पांढरट पाणी.

आता माप. लेबलवर मात्रा हेक्टरी असते. गाव एकरात बोलतं, आणि हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. कृषी विद्यापीठाच्या शिफारशी वर्तमानपत्रात येतात त्या 10 लिटर पाण्याला. पंप मात्र 15 लिटरचा. म्हणजे '10 लिटरला 20 मिली' वाचणाऱ्यानं मनात दीडपट करून 30 मिली टाकायचं, आणि 200 लिटरच्या टिपाडात 400. हा हिशोब अवघड नाही, पण तो सकाळी सात वाजता, ओल्या हातानं, झाकणानं करायचा असतो. मी तीन बाटल्यांच्या झाकणांत दवाखान्याच्या सिरिंजनं पाणी भरून पाहिलं. एकात दुसऱ्याच्या दुप्पट मावलं. 'एक झाकण' हे माप प्रत्येक बाटलीबरोबर बदलत होतं आणि पावतीवर मात्र तेच राहत होतं.

सगळ्यात धोकादायक ओळ सगळ्यात लहान अक्षरात सापडली. अशा शिफारशींखाली पुष्कळदा एक तळटीप असते: ही मात्रा साध्या पंपासाठी, पेट्रोल पंपासाठी तिप्पट करावी. कारण सरळ आहे. पेट्रोल पंप, म्हणजे पेट्रोलच्या इंजिनावर चालणारा फवारणीचा पंप, बारीक थेंब उडवतो, एकराला पाणी कमी लागतं, म्हणून तेवढ्याच औषधाला द्रावण दाट. पण एका वावरात पेट्रोल पंपासाठी कालवलेलं टिपाड दुपारी साध्या पंपवाल्यानं वापरलेलं मी पाहिलं. पाठीवरच्या नळीतून गळणारं पाणी तिप्पट दाट. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणारी गोष्ट तारांकित होऊन पानाच्या तळाशी बसली होती. वर्तमानपत्राच्या पानाची मांडणी करणाऱ्यानं ती मुद्दाम लपवली नसेल. तळटिपेला तळाशीच टाकायचं, एवढं त्याला शिकवलेलं असतं. मीही तेच शिकलो होतो.

शिक्का

पहिली युक्ती मला फार आवडली होती, म्हणून ती आधी सांगतो. खोकल्याच्या बाटलीवर प्लॅस्टिकची छोटी वाटी येते, 5 आणि 10 मिलीच्या रेघांची. स्वस्त, सगळीकडे मिळणारी, नेमकी. त्या शंभर जमवून गावात वाटायच्या. गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंना दाखवली. त्यांनी वाटी हातात घेतली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला उत्तर ऐकायच्या आधीच कळलं. "पेंटर भाऊ, हे वावरातून घरी आलं आन् लेकराले त्यातच खोकल्याचं औषध देल्लं तं?" वाटीचा आकारच सांगतो, की मी पिण्यासाठी आहे. त्यावर मी कितीही कवट्या रंगवल्या असत्या, तरी तो आकार आधी बोलला असता. कल्पना तिथंच संपली.

मग लक्षात आलं, की या सगळ्या प्रवासात एक कागद खरोखर वाचला जातो: दुकानदाराची पावती. मालक ती खिशात ठेवतो, वावरात काढून पाहतो. त्या कागदाची मागची बाजू रिकामी असते आणि माझ्या दुकानात शिक्के बनतात.

पहिल्या शिक्क्यात डावीकडे पाठीवरचा साधा पंप, त्याच्या बाजूला एक मापटं आणि रिकामी चौकट, तिच्यापुढं 'मिली'. उजवीकडे पेट्रोल पंप, तिप्पट मोठं मापटं, चौकट. दुकानदारानं फक्त दोन आकडे भरायचे. पारावर नेऊन दाखवला. मोठं मापटं पाहून एक जण म्हणाला, "हे मोठ्या झाकणाच्या बाटलीचं असन." दुसरा म्हणाला, "मोठ्या वावराचं."

कॉलेजात आम्हाला ऑटो न्यूरॅथ शिकवला होता. 1920 च्या दशकात व्हिएन्नात त्यानं सामान्य कामगारांसाठी आकडेवारीची चित्रं करायला घेतली, गेर्ड आर्न्त्झनं त्यांच्या आकृत्या कोरल्या, पुढं त्या पद्धतीला आयसोटाइप नाव पडलं. त्याचा एक नियम परीक्षेपुरता पाठ केला होता: जास्त दाखवायचं असेल तर चिन्ह मोठं करू नका, तेवढ्या वेळा काढा. कारण मोठं चित्र किती पट मोठं आहे ते डोळ्याला मोजता येत नाही, आणि मोठं म्हणजे वेगळीच वस्तू असंही वाटतं. परीक्षेनंतर पंधरा वर्षांनी तो नियम मला पारावर समजला. दुसऱ्या शिक्क्यात पेट्रोल पंपापुढं एकाच आकाराची तीन मापटी ओळीनं काढली. "याले तीन," बाबाजी बोट ठेवून म्हणाले. चष्मा नव्हता त्यांच्याकडे.

आणखी दोन बारकावे. पंपाचं चित्र आधी मी समोरून काढलं होतं, ते दुधाच्या कॅनसारखं दिसलं. पाठीवर घेतलेल्या माणसासकट बाजूनं काढल्यावर ओळख पटली. आणि शाई निळी ठेवली. लालची बरीच मागणी झाली, पण लाल-हिरव्यातला फरक न दिसण्याचं प्रमाण पुरुषांत बायकांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि फवारतात पुरुष. रंगावर काहीच सोपवायचं नाही, असं मी ठरवलं.

मापटं कोणतं, हा प्रश्न उरला होता. रेघा असलेलं उंच प्लॅस्टिकचं मापटं तारेनं टिपाडाच्या कडीला बांधायचं, पाणपोईच्या ग्लासाला साखळी असते तसं. म्हणजे ते घरी जाणार नाही. आशाताईंनी याला होकार दिला.

लिंबाचा डहाळा

बायकांचा प्रश्न वेगळा होता आणि मी तो विचारलाच नव्हता. पऱ्हाटीच्या तासांत अंबाडी असते, बरबटी असते, वाळकं असतात. संध्याकाळच्या भाजीला बाई वावरात शिरते, बकरीसाठी गवत कापते. आज सकाळी शेजाऱ्यानं फवारलं की नाही, हे तिला कसं कळणार? मी लाल झेंड्याची कल्पना मांडली. लगेच तीन जणी म्हणाल्या, झेंडा तर देवाचा असतो. कोणी म्हणालं, पाटी लावा. पाटीला पाऊस लागेल, आणि आज लावलेली पाटी महिनाभर तिथंच राहील. मग रोज 'फवारलं आहे' वाचून कोण थांबेल?

गटातली एक वयस्क काकी तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "घरात माता आली तं दाराले लिंब बांधतो ना आपण? तसा वावराच्या तोंडाले बांधा."

कांजण्या किंवा गोवर आला की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो, आणि तो दिसला की शेजारीपाजारी आपणहून उंबऱ्याबाहेर थांबतात. कोणाला वाचून दाखवावं लागत नाही. शिवाय लिंब धुऱ्यावरच असतो, पैसे लागत नाहीत. पण मला त्यात सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट निराळीच होती: डहाळा सुकतो. ताजा हिरवा म्हणजे फवारा ताजा, पानं गळली म्हणजे दिवस उलटले. तारीख सांगणारी खूण मी आयुष्यात काढली नसती.

कृषी सहायकांनी इथं एक अट घातली आणि ती बरोबर होती. डहाळा वावरात शिरण्यापुरता. भाजी खुडायची असेल तर लेबलवर लिहिलेला थांबण्याचा काळ वेगळा असतो, औषधानुसार बदलतो आणि डहाळा सुकण्याहून कितीतरी लांब असू शकतो. शिवाय पऱ्हाटीवर मारलेलं औषध अंबाडीसाठी मंजूरच नसेल, तर तो काळ मोजण्यातही अर्थ नाही. त्यामुळे गटानं सरळ ठरवलं, की फवारलेल्या तासातली भाजी हंगामभर घ्यायची नाही, भाजीचे तास घराकडच्या बाजूला वेगळे. हे चित्रानं झालं नाही, बैठकीत भांडून झालं.

पुढच्या हंगामापर्यंत

टिपाडावर मी पाण्याची पातळी आणि 13 पंपांची रांग ऑइलपेंटनं रंगवली होती. ते पूर्ण फसलं. टिपाड चिखलात लोळतं, हंगाम संपला की त्यात दुसरंच काही भरतात, आणि 'विष' लिहिलेलं टिपाड दारात ठेवायला कोणी तयार नव्हतं. हरकत रास्त होती, त्यात पाणी भरूच नये असं माझं म्हणणं मात्र कोणाला पटलं नाही. तारेनं बांधलेल्या मापट्यांपैकी बहुतेक दिवाळीपर्यंत तुटली. एकाची तार काढून कुंपणाला लावलेली दिसली.

हातमोजे आणि मास्क यांच्याबद्दल मी चित्र काढलंच नाही. गटाला ते खटकलं. पण सप्टेंबरच्या दमट उन्हात, डोक्याएवढ्या पऱ्हाटीत रबरी मोजे घालून दिवस काढणं काय असतं, ते मी अर्धा तास करून पाहिलं होतं. या गावात फवारणीची मजुरी पंपावर मिळते. जितके पंप तितके पैसे. जो थांबून मोजे घालतो, वारा फिरला म्हणून बसून राहतो, त्याचे पंप कमी होतात. तिथं माझ्या चित्राला काही करता येत नव्हतं, आणि काढून ते केल्यासारखं दाखवायचं नव्हतं.

शिक्का चालला. पहिले काही दिवस दुकानदार चौकट रिकामीच सोडायचा. मग गिऱ्हाइकंच विचारू लागली, "याच्यात आकडा टाका ना." रिकामी चौकट माणसाला चुकल्यासारखी दिसते, हे मला ठाऊक होतं, पण ती दुकानदारापेक्षा गिऱ्हाइकाला जास्त खुपेल असं वाटलं नव्हतं. डहाळे पहिल्या हंगामात मोजक्या वावरांना दिसले. 2023 मध्ये बाजूच्या शिवारातही एक-दोन ठिकाणी दिसले, तिथं आम्ही कोणी गेलो नव्हतो.

त्याच वर्षी जूनमध्ये कृषी केंद्रवाले माझ्या दुकानात आले. शिक्क्याचं रबर झिजलं होतं, मापटी पुसट उमटत होती. नवा हवा होता आणि या वेळी त्यात दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबरही पाहिजे होता, ठळक. मी कागदावर आखून दाखवलं: तेवढ्याच जागेत नाव बसवलं तर आकड्याची चौकट निम्मी होते. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. शेवटी शिक्का पाऊण इंच लांब केला, नाव खाली घेतलं आणि वाढीव रबराचे पैसे अर्धे-अर्धे वाटून घेतले.